नागपूरच्या उन्हाळ्यात मोठ्या पानांची झाडं
नर्सरीत मॉन्स्टेरा, अलोकेशिया, कॅलेथिया सगळीच देखणी दिसतात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की खरा फरक कळतो. कॅलेथियाच्या पानांच्या कडा कोरड्या हवेत करपतात. तिला कूलरच्या खोलीत ठेवा, पण थेट झोतासमोर नको; तिला ओलावा हवा, वारा नको. पहिलंच झाड घेत असाल तर रबर प्लांट घ्या. तो मुळात आसामकडचा, जाड पानांचा. एखाद्या दिवशी पाणी राहिलं तरी तग धरतो. मॉन्स्टेराला चढायला मॉस स्टिक, म्हणजे शेवाळ किंवा काथ्या गुंडाळलेली काठी द्या, पानं मोठी होतात आणि त्यांना सुंदर चिरा पडतात. मॉन्स्टेरा, अलोकेशिया दोन्ही अळूच्या कुळातल्या. पान चावलं तर तोंड, घसा चांगलाच खाजतो. घरात रांगतं बाळ असेल तर कुंड्या उंचावरच ठेवा.