सेक्स टॉय घेताना आधी काय पाहावे?

कामसूत्राच्या सातव्या अधिकरणात ‘अपद्रव्ये’ या नावाने कृत्रिम साधनांचे वर्णन येते आणि तेथे पहिली चर्चा आकाराची नसून ती कशाची घडवावीत याची आहे. सोने, चांदी, तांबे, लोखंड, हस्तिदंत, शिंग अशी यादी दिल्यावर बाभ्रव्य या वात्स्यायनापूर्वीच्या आचार्याच्या परंपरेची शिफारस येते, ती मऊ आणि थंड अशा कथील व शिशाची. वात्स्यायन मात्र, ज्याला मानवेल त्याने लाकडाचे वापरावे, असे म्हणतो. शिसे विषारी असल्यामुळे ती शिफारस आज कोणी मनावर घेऊ नये, परंतु खरेदीची सुरुवात याच प्रश्नापासून करावी.

जर्मनीतील होले फेल्स गुहेत सापडलेले, घासून गुळगुळीत केलेले दगडी लिंग तर सुमारे २८,००० वर्षांपूर्वीचे आहे. विजेवरचे कंपनयंत्र त्या मानाने कालचे: १८८०च्या दशकात जोसेफ मॉर्टिमर ग्रॅनव्हिल या ब्रिटिश डॉक्टरने ते दुखण्यांवरील उपचारासाठी पुढे आणले. स्त्रियांच्या ‘हिस्टेरिया’ या तेव्हा मानल्या जाणाऱ्या मज्जाविकारावर डॉक्टर ते सर्रास वापरत, ही चविष्ट कथा सर्वत्र सांगितली जाते, पण तिला भक्कम पुरावा नाही; खुद्द ग्रॅनव्हिलने तर स्त्रियांवर ते वापरणे आपण टाळले, असे लिहून ठेवले आहे.

आज नाजूक त्वचेला लागणाऱ्या वस्तूसाठी शुद्ध सिलिकॉन, बोरोसिलिकेट काच किंवा स्टेनलेस स्टील निवडावे, कारण त्यांच्या पृष्ठभागावर जंतूंना दडून बसण्याजोगी छिद्रे नसतात आणि ती साबण-पाण्याने नीट स्वच्छ होतात. ‘जेली’ म्हणून स्वस्तात मिळणारी वस्तू बहुधा पीव्हीसीची असते आणि तिला मऊपणा यावा म्हणून थॅलेट्स ही रसायने मिसळलेली असू शकतात. पाकीट उघडताच नव्या रेनकोटसारखा उग्र वास आला, तर ती सरळ बाजूला ठेवावी. टीपीई या रबरासारख्या मऊ प्लास्टिकची वस्तू सच्छिद्र असल्याने तिच्यावर दर वेळी नवा कंडोम चढवावा.

गुदमार्गासाठी घ्यायच्या वस्तूचा तळ रुंद आणि पसरट असलाच पाहिजे. तो नसेल तर वस्तू आत ओढली जाऊन ती काढण्यासाठी रुग्णालय गाठावे लागू शकते, म्हणून येथे तडजोड करू नये.

सिलिकॉनच्या वस्तूबरोबर सिलिकॉनचेच लुब्रिकंट वापरल्यास पृष्ठभाग खराब होऊ शकतो, तेव्हा पाण्यावर आधारित लुब्रिकंट घ्यावे. खोबरेल तेल घरात हाताशी असते खरे, पण त्याने लेटेक्सचा कंडोम कमकुवत होऊन फाटू शकतो. नुसत्या ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर विसंबू नये. ‘आयपीएक्स ७’ असे लिहिलेले असेल, तर ती वस्तू एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणे अपेक्षित असते. मोटर नसलेले शुद्ध सिलिकॉन काही मिनिटे उकळता येते, मोटर असलेले कधीही उकळू नये. पहिल्या खरेदीला वेग कमी-जास्त करता येणारे, बाहेरून वापरायचे छोटे साधन पुरेसे होते. पेसमेकर असल्यास मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

भारतात ही साधने बरेचदा ‘मसाजर’ म्हणून विकली जातात. सीमाशुल्क विभागाने अश्लील वस्तूंच्या आयातीवर बंदी घालणाऱ्या १९६४च्या अधिसूचनेच्या आधारे बॉडी मसाजर जप्त केले होते, त्या प्रकरणातील विभागाचे अपील मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये फेटाळले. तरीही परदेशातून मागवलेले पार्सल अडकण्याची शक्यता राहतेच, म्हणून बिल आणि वॉरंटी देणारा देशातील विक्रेता बरा. उघडलेली वस्तू सहसा परत घेतली जात नाही, तेव्हा ती कशाची बनली आहे हे पैसे भरण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावे आणि उत्तर मोघम आले तर दुसरे दुकान पाहावे.