डांगी गाईंसाठी फिरती चराई

फिरती चराई म्हणजे कुरणाचे पट्टे पाडून गाई पाळीपाळीने चारणं. रोजचा पट्टा अंदाजाने नाही, वजनाने ठरवा. एक चौरस मीटर गवत चार बोटं राखून कापा आणि तोला. एक किलो भरलं तर निम्मंच गाईंचं; उरलेलं मुळांसाठी. साडेतीनशे किलोच्या गाईला दिवसाला साधारण ३५ किलो हिरवं लागतं, म्हणजे दहा गाईंना सात गुंठे. पट्ट्याला कुंपण म्हणून झटका मशीनची (हलका विजेचा झटका देणारी) एक तार पुरते.

गाई पट्ट्यात दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका. तिसऱ्या दिवशी त्या कोवळे फुटवे खुडतात, मुळं खचतात, मारवेलसारखं चांगलं गवत जाऊन टोकदार कुसळांची, निकस कुसळी माजते. पावसाळ्यात ३० ते ४० दिवस विश्रांती. पण तारखेपेक्षा गवत बघा, गुडघ्याएवढं झाल्याशिवाय परतू नका. चिखल झाला की गाई मुरमाड पट्ट्यावर न्या.