सात रात्री, सहा मुक्काम: केनियाच्या सफारीत या चुका टाळा

गेल्या महिन्यात ओळखीच्या एका काकांनी त्यांच्या सहलीचा आराखडा व्हॉट्सॲपवर पाठवला. "ताई, एकदा नजर टाका." नैरोबी एक रात्र, अंबोसेली एक, नैवाशा एक, नकुरू एक, मसाई मारा दोन, परत नैरोबी एक. मी लगेच फोन केला आणि विचारलं, "काका, यात गाडीत किती तास जाणार, मोजलेत का?"

मोजले नव्हते. कुणीच मोजत नाही. अंबोसेली आणि मसाई मारा ही प्राण्यांची रानं, नैवाशा आणि नकुरू ही तळी; नकाशावर ही ठिकाणं बोटभर अंतरावर दिसतात. नैरोबीहून अंबोसेली चार-पाच तास. तिथून नैवाशाला जायचं तर नैरोबीची गर्दी पार करून अर्धा दिवस. नकुरूहून मारा पाच-सहा तास, माराहून नैरोबी तेवढेच. बेरीज केली तर वीस तासांच्या वर रस्ता होतो, आणि तोही सगळा गुळगुळीत नाही. एवढे पैसे भरून माणसं आफ्रिकेत जातात आणि ट्रकच्या मागे धूळ खात बसतात. गेल्या बारा वर्षांत मी सहा वेळा पूर्व आफ्रिकेत गेले. दरवेळी लॉजच्या जेवणघरात आपली मंडळी भेटतात आणि दरवेळी हीच तक्रार ऐकते: "फार दगदग झाली हो, नीट काही बघताच आलं नाही."

एक रात्र म्हणजे नेमकं काय मिळतं? दुपारी दोनला पोचता, जेवता, चार वाजता गाडीत बसता, साडेसहाला परत. सकाळी एक फेरी आणि नाश्ता करून पुढचा रस्ता. अंबोसेलीत तर हे फार लागतं. हत्तींच्या कळपामागे 5895 मीटर उंचीचा किलिमांजारो, या एका चित्रासाठी लोक तिथे जातात. पण डोंगर आहे टांझानियात, आणि दिवसाचा बराच वेळ ढगात असतो. पहाटे आणि संध्याकाळी थोडा वेळ उघडतो, कधी तेवढाही नाही. तुमच्या वाट्याला एकच संध्याकाळ आणि एकच पहाट आली, तर सगळं नशिबावर सोडल्यासारखं आहे.

नकुरूचंही तसंच. गुलाबी रोहित पक्ष्यांनी भरलेलं तळं बऱ्याच माहितीपत्रकांवर अजून छापतात. तळ्याचं पाणी गेल्या दहा-पंधरा वर्षांत इतकं चढलं की खारटपणा कमी झाला आणि रोहितांचे मोठे थवे बोगोरियासारख्या दुसऱ्या तळ्यांकडे गेले. नकुरूला जायचं असेल तर गेंड्यांसाठी जा. काळे आणि पांढरे दोन्ही तिथे आहेत.

माझी सवय सांगते. एका आठवड्यात दोनच ठिकाणं. मारात चार रात्री, त्याहून कमी नाही. माझ्याबरोबर येणाऱ्यांना मी हे आधीच सांगते. ज्यांना यादी पुरी करायची असते ते दुसरीकडे जातात, आणि ते मला चालतं.

नदीकाठ सोडू नका

ही चूक मी डोळ्यांदेखत घडताना पाहिली आहे आणि तिची चुटपुट अजून जात नाही.

2019 चा ऑगस्ट. मारा नदीच्या काठावर आम्ही सकाळी नऊपासून उभे होतो. सहा जणांची लँड क्रूझर, आम्ही दोघं आणि दुसरी दोन कुटुंबं. समोरच्या तीरावर वाइल्डबीस्ट, म्हणजे गाईसारखे दिसणारे शिंगवाले प्राणी, नदी ओलांडायला जमायला लागले होते. आधी शे-दोनशे, मग मागच्या टेकडीवरून रांगा येत गेल्या आणि अकराच्या सुमाराला काठ काळाभोर झाला. पुढचे चार-पाच पाण्याला नाक लावत, मागे उडी मारून वळत, सगळा कळप दचकून शंभर पावलं मागे जाई आणि पुन्हा पुढे येई. हे असंच चालतं. कधी दहा मिनिटांत पहिला उडी घेतो, कधी पाच तासांनी, कधी कळप निघून जातो आणि दुसऱ्या दिवशी येतो.

साडेबारा वाजता मागच्या सीटवरून सुरू झालं, "लॉजवर बुफे दोनला बंद होतो." आमचा चालक वीस वर्षं मारात गाडी चालवणारा. तो म्हणाला, "पोले पोले," म्हणजे जरा सबुरीनं. कळप पुढे येतोय, थांबूया. त्याने तीनदा विचारलं. चार जण म्हणाले, चला. आम्ही दोघंच थांबा म्हणत होतो. गाडी सगळ्यांची, त्यामुळे निघालो. लॉजवर ताटात भात घेत होते तेव्हा चालक दारात आला. त्याचा चेहरा बघूनच समजले. रेडिओवर निरोप आला होता, क्रॉसिंग सुरू झालंय.

आम्ही पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. आमच्या काठावर ओल्या खुरांनी तुडवलेला चिखल होता. पाण्यात बुडालेली काही जनावरं खडकांना अडकली होती, दोन मगरी एकाला ओढत होत्या आणि झाडांवर गिधाडं उतरत होती. पलीकडचा काठ रिकामा. ज्यांना जेवायचं होतं त्यांच्यातल्या एक ताई रडल्या. मला त्यांचा राग आला नाही. त्यांना आधी कुणी समजावूनच सांगितलं नव्हतं की इथे वाट पाहणं हेच मुख्य काम आहे.

तेव्हापासून मी आदल्या रात्रीच लॉजवर डबा सांगून ठेवते. बहुतेक लॉजवर देतात. सँडविच, उकडलेलं अंडं, केळं, रसाचा खोका. शाकाहारी डबा म्हणून स्पष्ट सांगायचं. डबा गाडीत असला की जेवणाची वेळ हा विषयच निघत नाही. शिवाय नदीवर जायच्या दिवशी गाडी वाटून घेत नाही, बाकी कुठेही काटकसर करते. गाडीत अनोळखी लोक असतील तर पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांशी बोलून ठरवा की उद्या किती वाजेपर्यंत थांबायचं.

याच संदर्भात: "मायग्रेशन कधी असतं?" याला तारीख नसते. तेरा-चौदा लाखांच्या आसपास वाइल्डबीस्ट, बरोबर झेब्रे आणि हरणं, टांझानियातलं सेरेंगेटी आणि मारा मिळून वर्षभर गवतामागे फिरत असतात. साधारण जुलै ते ऑक्टोबर ते माराच्या बाजूला असतात. जानेवारीअखेर ते मार्च दक्षिण सेरेंगेटीत, न्दुतूच्या आसपास, पिल्लं जन्मतात. आपल्याकडची कुटुंबं मुलांच्या शाळेमुळे मे महिन्यात नाहीतर दिवाळीत निघतात. मे हा तिकडे मोठ्या पावसाचा शेवट, कळप टांझानियात. तेव्हा नदी ओलांडण्याची आशा धरू नका. पण मारात सिंह, चित्ते, हत्ती बारा महिने असतात, गर्दी कमी असते, आणि परदेशी प्रौढांना राखीव क्षेत्राचं रोजचं तिकीट जूनपर्यंत 100 डॉलर पडतं, जुलै ते डिसेंबर 200. हे दर 2024 चे आहेत. मला स्वतःला जूनमधला मारा फार आवडतो.

गाडीला घाई करायला लावू नका

ताडोबाला जाऊन आलेली माणसं ही चूक हमखास करतात. तिकडे दाट जंगल, वाघ रस्त्यावर आला तरच दिसणार, म्हणून खबर लागली की सगळ्या जिप्सी पळतात. मारात माळ उघडा आहे. सिंहीण अर्धा किलोमीटरवरून दिसते, आणि तासभर तिथेच बसलेली असते. पळायचं कारणच नाही. तरी मागून आवाज येतोच, "अजून जवळ घ्या ना."

राखीव क्षेत्रात रस्ता सोडून गाडी घालायला मनाई आहे. एका प्राण्याभोवती एका वेळी पाचच गाड्या, असाही नियम आहे. नियम मोडला तर चालक अडचणीत येतो. आपण हजारभर शिलिंग हातात ठेवून त्याला गवतात शिरायला लावतो आणि त्याची रोजीरोटी पणाला लावतो. हे मला अजिबात पटत नाही.

चित्त्याच्या बाबतीत तर जिवावरच बेततं. सिंह आणि तरस शिकार हिसकावतात म्हणून चित्ता दिवसा शिकार करतो, म्हणजे नेमका आपल्या फेरीच्या वेळी. मारातच केलेला एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. जास्त पर्यटक असलेल्या भागात एका विणीतली सरासरी 0.2 पिल्लं मोठी झाली, कमी पर्यटकांच्या भागात 2.3. हे आकडे वाचल्यावर मी एक गोष्ट ठरवली. पिल्लांसह चित्तीण दिसली आणि आधीच तीन-चार गाड्या असल्या की मी चालकाला दुसरीकडे वळायला सांगते. फोटो गेला तर जाऊ दे.

एकदा आमच्या शेजारच्या गाडीत एक गृहस्थ चित्तीणीने मान वळवावी म्हणून टपावर थाप मारत होते. ती दबा धरून बसली होती, थॉम्सन गॅझेल या लहान हरणांच्या कळपापासून फार तर साठ मीटरवर. थापेबरोबर गॅझेलच्या माना वर झाल्या आणि कळप उधळला. चित्तीण उठून चालू लागली, तिच्या मागे गवतातून दोन पिल्लं निघाली. त्यांचं त्या सकाळचं खाणं गेलं. शीळ, टाळी, टपावरची थाप, "ए, इकडे बघ": यातलं काहीही नको. फोनचा आवाज लॉजवरच बंद करा. इंजिन बंद करायला चालकाला सांगा. त्याने कॅमेराही हलत नाही आणि गवतातला आवाजही ऐकू येतो.

आणि सकाळपासून "पाचांपैकी किती झाले?" हे मोजणं सोडा. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस ही "बिग फाइव्ह"ची यादी शिकाऱ्यांनी केलेली आहे, पायी शिकार करायला सर्वांत अवघड आणि धोक्याचे म्हणून. बघायला सर्वांत सुंदर म्हणून ती केलेली नाही. तिच्यात जिराफ नाही, चित्ता नाही, सेक्रेटरी बर्ड नाही.

बाकीच्या चुका, थोडक्यात

पिवळ्या तापाची लस शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. ती सरकारने नेमलेल्या केंद्रांतच मिळते, आणि लस घेतल्यापासून 10 दिवसांनी कार्ड ग्राह्य होतं. केनियाहून भारतात परतताना ते नसेल तर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. एकदा घेतली की आता जन्मभर चालते. साठीच्या पुढच्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारा.

केनियाला 2024 पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास-परवानगी काढावी लागते. पूर्व आफ्रिकेचा एकत्र पर्यटक व्हिसा केनिया, युगांडा आणि रवांडाचा आहे. टांझानिया त्यात नाही. सेरेंगेटी जोडणार असाल तर वेगळा व्हिसा घ्या.

"आफ्रिका म्हणजे ऊन" हे डोक्यातून काढा. मारा विषुववृत्ताजवळ असला तरी समुद्रसपाटीपासून 1500 मीटरच्या वर आहे. ऑगस्टच्या पहाटे उघड्या छताच्या गाडीत वारा हाडात शिरतो. स्वेटर, कानटोपी, वर वाऱ्याचं जाकीट. टांझानियात जाणार असाल तर गडद निळे आणि काळे कपडे नकोत, चावणाऱ्या त्सेत्से माश्या त्यांच्याकडे ओढल्या जातात. लष्करी छापाचे कपडे तर कुठेच नकोत.

छोट्या विमानाने माराला जाणार असाल तर हातातल्या पिशवीसकट 15 किलो, आणि बॅग मऊ कापडाची. चाकांची टणक सूटकेस घेत नाहीत. ही विमानं बहुतेक विल्सन विमानतळावरून सुटतात, तुम्ही मुंबईहून उतरता तो वेगळा. मधे नैरोबीची वाहतूक आहे, म्हणून त्याच सकाळचं विमान पकडायची घाई नको.

भाकरवडी, चकली खुशाल न्या, पण कॅरीबॅगमध्ये नाही. केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर 2017 पासून बंदी आहे, आणि राष्ट्रीय उद्यानांत 2020 पासून एकदा वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्याही चालत नाहीत. मी स्टीलचे डबे आणि कापडी पिशव्या नेते. गाडीच्या खिडकीत खाऊ उघडू नका, माकडं क्षणात झडप घालतात.

बायका सफारीत दिवसभर पाणी पीत नाहीत. लघवीला जायचं कुठे, हे त्याचं कारण मला माहीत आहे. संध्याकाळी डोकं भणभणतं. चालकाला सरळ सांगा. कुठे उतरणं सुरक्षित आहे हे त्याला माहीत असतं आणि हा त्याच्या रोजच्या कामाचा भाग आहे.

अंधार पडल्यावर तंबूतून एकटं निघू नका. बऱ्याच कॅम्पना कुंपण नसतं, आणि रात्री पाणघोडे चरायला बाहेर येतात. पहारेकऱ्याला हाक मारा, तो सोबत येतो.

प्लग चौकोनी तीन पिनांचा लागतो, ब्रिटिश पद्धतीचा.

काकांनी शेवटी नैवाशा आणि नकुरू काढलं. नैरोबी एक, अंबोसेली दोन, मारा चार, सप्टेंबरमध्ये. काकूंना नकुरू हवं होतं, पण त्यांनी मानलं. परवा काकांचा पुन्हा मेसेज आला: "नदीवरचा शाकाहारी डबा लॉजला आधी मेलवर सांगायचा की तिथे गेल्यावर?" दोन्ही वेळा सांगा, असं कळवलं.