मुलांसह परदेशी स्थलांतर : प्राथमिक शाळेचा खर्च मांडताना या चुका टाळा

परदेशातील नोकरीचे पत्र हाती पडले की बहुतेक पालक शाळांच्या फीचे आकडे शोधू लागतात आणि त्या एका आकड्याभोवती घरखर्चाचे सगळे गणित उभे करतात. फी सहज सापडते, म्हणून तीच मुख्य खर्च वाटू लागते. प्राथमिक वयाच्या मुलाच्या बाबतीत मात्र शाळा बंद असतानाच्या तासांचा आणि दिवसांचा खर्च पुष्कळदा अधिक जड जातो. त्यामुळे अंदाजपत्रक मांडायचे ते मुलाच्या पूर्ण दिवसाचे आणि पूर्ण वर्षाचे. ते तसे न मांडल्यामुळे होणाऱ्या चुका बहुधा ठरलेल्याच असतात.

सरकारी शाळा सर्वांना मोफत असते, असे गृहीत धरणे

अनेक देशांत सरकारी प्राथमिक शिक्षण मोफत आहे हे खरे. पण कोणासाठी मोफत, हे बऱ्याच ठिकाणी व्हिसा ठरवतो. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या कुटुंबांना सरकारी शाळेसाठीही फी भरावी लागू शकते; काही व्हिसा प्रकारांना त्यातून सूट असते. सिंगापूरमध्ये नागरिक, कायम रहिवासी, आसियान (आग्नेय आशियाई देशांची संघटना) देशांतील विद्यार्थी आणि इतर परदेशी विद्यार्थी यांच्यासाठी सरकारी शाळेच्या मासिक फीचे दर वेगवेगळे आहेत, शिवाय परदेशी मुलांना पहिलीत जागा मिळेलच याची हमी नसते. अमेरिकेत पालकांच्या कामाच्या व्हिसावर अवलंबित म्हणून आलेले मूल सार्वजनिक शाळेत फी न भरता शिकू शकते, पण स्वतः मुलाच्या नावे विद्यार्थी व्हिसा असेल तर सार्वजनिक प्राथमिक शाळेत त्याला प्रवेशच घेता येत नाही. शेजारी किंवा सहकारी जे सांगतात ते त्यांच्या व्हिसापुरते खरे असते. आपल्या व्हिसाच्या नेमक्या उपप्रकाराचा उल्लेख करून तेथील शिक्षण विभागाला प्रश्न विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे.

फीच्या तक्त्यातील पहिलीच ओळ वाचणे

खासगी किंवा आंतरराष्ट्रीय शाळेच्या तक्त्यात सर्वांत वर ट्यूशन फी असते. खालच्या ओळी सावकाश वाचाव्यात : अर्ज शुल्क, प्रवेश चाचणीचे शुल्क, नोंदणी शुल्क, जागा राखण्यासाठीचे डिपॉझिट, इमारत निधी, भाषासाहाय्य, बस, जेवण, गणवेश. हाँगकाँगमधील अनेक आंतरराष्ट्रीय शाळांत याशिवाय डिबेंचर (शाळेला एक प्रकारचे कर्ज देणारा रोखा) घ्यावे लागते किंवा दरवर्षी कॅपिटल लेव्ही (इमारती व सोयींसाठीची आकारणी) भरावी लागते, आणि ही रक्कम इतकी मोठी असू शकते की फीच्या तुलनेवरून ठरवलेली शाळेची निवडच बदलावी लागते. प्रत्येक ओळीपुढे तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात : रक्कम एकदाच भरायची की दरवर्षी, ती परत मिळते का, आणि मिळत असल्यास कोणत्या अटीवर. नोंदणी शुल्क सहसा परत मिळत नाही. पाच शाळांत अर्ज टाकून ठेवण्याची सावधगिरी त्यामुळे चांगलीच महाग पडते.

भाषासाहाय्याची ओळ विशेष लक्षपूर्वक पाहावी. शिक्षणाची भाषा मुलाला नवी असेल तर काही खासगी शाळा अतिरिक्त तासांचे वेगळे पैसे घेतात, आणि हा खर्च एका सत्रात संपेल असे धरणे धाडसाचे ठरते. किमान एक वर्ष धरावे.

शाळा सुटल्यानंतरचे तास आणि सुट्ट्या विसरणे

सर्वांत महागडी चूक ही, आणि ती कोणत्याही फी तक्त्यात दिसत नाही. इंग्लंडचे उदाहरण घेऊ. तेथील सरकारी शाळांचा आठवडा किमान ३२.५ तासांचा असावा अशी अपेक्षा आहे, म्हणजे दिवसाला मधल्या सुट्टीसह साडेसहा तास. सकाळी पावणेनऊला सुरू झालेली शाळा सव्वातीनला सुटते. कार्यालय साडेपाचला सुटत असेल आणि घरी पोहोचायला पाऊण तास लागत असेल तर दररोज तीन तासांची सोय पैसे मोजूनच करावी लागते, कारण लहान मुलाला एकटे घरी सोडता येत नाही आणि नव्या देशात मदतीला आजी-आजोबा नसतात.

आता वर्षाकडे पाहू. शनिवार-रविवार आणि सरकारी सुट्ट्या वजा केल्या तर इंग्लंडमध्ये वर्षाचे सुमारे २५२ कामाचे दिवस उरतात आणि शाळा साधारण १९० दिवस भरते. उरलेले सुमारे ६२ दिवस मूल घरी असते. कायद्याने मिळणारी किमान रजा पूर्णवेळ नोकरदाराला सरकारी सुट्ट्या धरून २८ दिवस, म्हणजे त्या सुट्ट्या वगळल्यास २०. आई आणि वडील यांनी आपापली संपूर्ण रजा वेगवेगळ्या दिवशी घेतली, म्हणजे कुटुंबाने एकत्र एकही सुट्टी घेतली नाही, तरीही सुमारे २२ दिवस उरतात. त्या प्रत्येक दिवसाचे सुट्टीतील शिबिर किंवा डे-केअर यांचे पैसे भरावे लागतात, आणि दोन मुले असतील तर दुप्पट. एकच पालक नोकरी करणार असेल तर हा खर्च टळतो; मात्र तसे असल्यास अंदाजपत्रकात दुसऱ्या पगाराची रक्कम धरू नये. दोन्ही बाजूंनी सोयीचे आकडे घेतलेली अंदाजपत्रके फार आढळतात.

जर्मनीत फी नाही म्हणून निश्चिंत होणाऱ्यांनी शाळेची वेळ विचारावी. अनेक प्राथमिक शाळांत तास दुपारपर्यंतच संपतात आणि पुढील वेळेसाठी वेगळी सोय पाहावी लागते. तेथे पूर्णवेळ संगोपनाचा कायदेशीर हक्क २०२६-२७ च्या शालेय वर्षापासून पहिलीच्या मुलांना लागू होऊन पुढे वर्षागणिक एकेका इयत्तेला मिळणार आहे. हक्क मिळाला म्हणजे ती सोय विनाशुल्क झाली, असा अर्थ मात्र काढू नये.

घराचे भाडे आणि शाळा यांचे वेगवेगळे हिशेब ठेवणे

सरकारी शाळेत प्रवेश देताना इंग्लंडसह अनेक ठिकाणी घराचे शाळेपासूनचे अंतर किंवा ठरलेले क्षेत्र पाहिले जाते. चांगल्या मानल्या जाणाऱ्या शाळेच्या परिसरात भाडी चढी असतात, म्हणजे न दिसणारी फी भाड्यातून भरली जाते. स्वस्त घर आणि खासगी शाळा, किंवा महाग घर आणि सरकारी शाळा, असे दोन पूर्ण हिशेब बसच्या खर्चासह समोरासमोर मांडल्याशिवाय भाडेकरार करू नये. शिवाय त्या शाळेत मुलाच्या इयत्तेत जागा शिल्लक आहे का, हेही आधी विचारावे. पत्ता योग्य असूनही वर्ग भरलेला असू शकतो.

दोन देशांच्या शालेय वर्षांचा मेळ न घालणे

ऑस्ट्रेलियात शालेय वर्ष जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत, जपानमध्ये एप्रिलमध्ये, तर इंग्लंडमध्ये सप्टेंबरमध्ये सुरू होते. जुन्या शाळेची भरलेली फी परत मिळत नाही आणि नवी शाळा प्रवेशाबरोबर पूर्ण सत्राची फी मागते, असे एकाच महिन्यात घडू शकते. त्याच महिन्यात घराचे डिपॉझिट आणि विमानाची तिकिटेही असतात. वर्षाची बेरीज बरोबर असूनही पहिल्या दोन महिन्यांत रोख रक्कम कमी पडते ती यामुळे. म्हणून वार्षिक तक्त्याबरोबर महिनावार तक्ताही हवा. वयाची अटही तपासावी. इंग्लंडमध्ये ३१ ऑगस्ट ही सीमा असून मूल चार वर्षांचे झाल्यानंतरच्या सप्टेंबरमध्ये शाळेत जाऊ शकते. बालवाडीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम त्यामुळे कधी वाचते, तर कधी अपुरी पडते.

कंपनीच्या शिक्षण भत्त्यावर डोळे मिटून विसंबणे

भत्त्याचा आकडा आकर्षक असला तरी त्यावर कर लागतो का, तो केवळ ट्यूशन फीपुरता आहे का, आधी स्वतः भरून नंतर परतावा घ्यायचा आहे का, आणि नोकरी सुटल्यास चालू सत्राचे काय, हे चार प्रश्न करारावर सही करण्यापूर्वी विचारावेत. फी दरवर्षी वाढते, भत्ता बहुधा स्थिर असतो. धोरणेही बदलतात : ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लागू झाला. पगार एका चलनात आणि फी दुसऱ्या चलनात असेल तर आजच्या दराने हिशेब न करता दर काहीसा प्रतिकूल धरून करावा.

किरकोळ खर्च एका ओळीत उरकणे

डबा, सहली, वह्या, उपकरणे यांचे स्वरूप देशागणिक बदलते. फिनलंडमध्ये शाळेत सर्व मुलांना मोफत जेवण मिळते. इंग्लंडच्या सरकारी शाळांत ते पहिल्या तीन इयत्तांना सरसकट मिळते. नेदरलँड्समध्ये शाळा ऐच्छिक वर्गणी मागतात, पण ती न भरल्यामुळे मुलाला उपक्रमातून वगळता येत नाही, असा कायदा २०२१ पासून आहे. अशी माहिती असल्यास विनाकारण ताण येत नाही.

अंदाज चुकल्याचे तेथे पोहोचल्यावर लक्षात आले तर

सर्वप्रथम शाळेच्या लेखा विभागाशी फीची मुदत उलटण्यापूर्वी बोलावे. मासिक हप्ते किंवा भावंडांसाठीची सवलत अनेक शाळांत असते, पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. शाळेनंतरच्या सोयीसाठी सरकारी अनुदान किंवा करसवलत असल्यास आपला व्हिसा त्यासाठी पात्र आहे का, हे अर्जापूर्वीच तपासावे, कारण काही देशांत सरकारी निधीचा लाभ न घेण्याची अट व्हिसावरच नमूद असते आणि तिचा भंग महागात पडू शकतो. खासगी शाळेतून सरकारी शाळेत जाण्याचा निर्णय घेतल्यास नोटीसची मुदत पाहावी. ब्रिटनमधील अनेक खासगी शाळा पूर्ण एका सत्राची नोटीस मागतात आणि ती न दिल्यास त्या सत्राची फी आकारतात. सरकारी शाळेतील जागेसाठी मात्र कधी महिनोन्‌महिने थांबावे लागते, कधी ती अचानक मिळते. अशा वेळी एका सत्राची फी द्यावी लागली तरी पुढील किती सत्रांची वाचते, हे कागदावर मांडून पाहावे आणि जागा लेखी मिळाल्यानंतरच नोटीस द्यावी.