'आवाज येऊन नाही राहिला': हेडसेट घेताना या चुका टाळा

ऑनलाइन मुलाखत असो की क्लास, आपल्याकडे पहिली काही मिनिटं 'आवाज येते का?' यातच जातात आणि खापर टॉवरवर फुटतं. पण समोरच्याचं बोलणं तुम्हाला स्वच्छ ऐकू येतंय आणि तुमचं त्याला नाही, असं असेल तर आधी हेडसेट तपासा.

सगळ्यात जास्त फसगत पिनेत होते. ३.५ मिमीची पिन उजेडात धरून बघा. तिच्यावर तीन रिंगा असतील तर माइकची सोय आहे. दोनच असतील तर तो हेडफोन नुसता ऐकायचा. जुन्या डेस्कटॉपला मात्र दोन छिद्रं असतात, हिरवं ऐकायला आणि गुलाबी माइकला. तीन रिंगांची पिन हिरव्यात खुपसली की गाणी वाजतात, माइक मुका राहतो. त्यासाठी एक छिद्र आणि दोन पिना असलेला जोड लागतो. तालुक्याच्या दुकानात 'जोड द्या' म्हटलं की अनेकदा एक पिन आणि दोन छिद्रंवाला हातात पडतो. तो दोघांनी मिळून गाणी ऐकायचा, इथे बिनकामाचा.

कॉल रोजचेच असतील तर या भानगडीत पडूच नका, वायरचा यूएसबी हेडसेट घ्या. आवाजाची चिप त्याच्या आतच असते, त्यामुळे विंडोज, मॅक आणि लिनक्स (संगणक चालवणारी मोफत प्रणाली) तिन्ही त्याला सहसा वेगळ्या ड्रायव्हरशिवाय ओळखतात. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यावर ज्यांनी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) टाकून घेतलं, त्यांना तर हाच सोयीचा. मात्र लावला म्हणजे झालं, असं नाही. झूम किंवा मीटच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून हेडसेटच निवडलाय का ते बघा. विंडोज आणि मॅकवर प्रायव्हसीत मायक्रोफोनची परवानगीही द्यावी लागते.

ब्लूटूथवर माइक सुरू झाला की ऐकू येणारा आवाज बहुधा डबक्यातून आल्यासारखा होतो. बिघाड नाही तो. कॉलसाठी ब्लूटूथ वेगळ्या, हलक्या पद्धतीवर जातं. लिनक्सवर माइक यादीत दिसतच नसेल तर साउंड सेटिंगमध्ये हेडसेटचं प्रोफाइल बदलून 'एचएफपी' किंवा 'एचएसपी' करा, ही त्या कॉलच्या पद्धतीचीच नावं.

आता कूलर. एप्रिल-मे मध्ये तो बंद ठेवा म्हणणं सोपं, बसणं कठीण. खोक्यावर 'एएनसी' (भोवतीचा गोंगाट दाबणारी सोय) दिसलं म्हणून जास्त पैसे मोजू नका: त्याने कूलर तुमच्या कानाला कमी ऐकू येईल, साहेबांना पूर्ण ऐकू जाईल. तोंडाजवळ येणारी माइकची दांडी असलेला हेडसेट घ्या आणि माइक ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटं बाजूला ठेवा. श्वास थेट त्यावर पडला तर फुसफुस जाते.

आणि सतत 'घूंऽऽ' येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. घरघर थांबली तर हेडसेट परत करायला धावू नका, घराचं अर्थिंग वायरमनला दाखवा. तोपर्यंत बॅटरी भरून घ्यायची आणि मुलाखत चार्जर काढून द्यायची.