जुन्या गाडीचं ऑइल प्रेशर कमी दाखवतंय? इंजिन खोलण्याआधी या चुका टाळा

खेड शिवापूरकडून कात्रजचा जुना घाट चढताना डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लुकलुकला, की जुन्या गाडीचे मालक बहुधा दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर स्वारगेटपर्यंत गाडी तशीच दामटतात, नाहीतर दुसऱ्या दिवशी थेट इंजिन कामाला काढतात. पहिल्यात चांगलं इंजिन जातं, दुसऱ्यात विनाकारण पैसे.

दिवा लागलेला असताना गाडी चालवणं ही सगळ्यात महागडी चूक. बहुतेक जुन्या गाड्यांत हा दिवा प्रेशर साधारण 0.3 ते 0.5 बारच्या खाली गेल्यावर लागतो, म्हणजे तेव्हा बेअरिंगपाशी दाब जवळपास उरलेलाच नसतो. गाडी बाजूला घ्या, इंजिन लगेच बंद करा. सपाट जागेवर पाच-दहा मिनिटं थांबा आणि मग डिपस्टिक पाहा. दिवा फक्त वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर लुकलुकत असेल, तर बहुतेक वेळा ऑइल कमी असतं. ते चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, एका बाजूला सरकतं आणि ऑइल पंपाची जाळी हवा ओढते. ऑइल पुरेसं असूनही दिवा विझत नसेल, तर टो करून आणा.

डिपस्टिकवरची पातळी पाहिली म्हणजे काम संपलं असं समजू नका, ऑइलचा वासही घ्या. कार्बोरेटरच्या गाड्यांत, पद्मिनी असो की जुनी मारुती 800, मेकॅनिकल फ्युएल पंपाचा डायफ्रॅम फाटला की पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरतं. पातळी वाढलेली दिसते, मालक खूश होतो की गाडी ऑइल खात नाही, आणि आत ऑइल पाण्यासारखं पातळ झालेलं असतं. ऑइलला पेट्रोलचा वास आला, तर आधी पंप बदला, मग ऑइल आणि फिल्टर. ऑइल दुधाळ दिसलं, तर कूलंट मिसळतंय. अशा वेळी हेड गास्केटपासून तपासणी सुरू करावी लागते.

गेज न लावता निदान करू नका

माझा सगळा आग्रह याच गोष्टीचा आहे. आधी साध्या वायरिंगची शंका फेडून घ्या. इंजिन बंद, इग्निशन ऑन, हा दिवा लावणाऱ्या प्रेशर स्विचची वायर काढा. दिवा तरीही पेटलेलाच राहिला, तर वायर कुठेतरी बॉडीला टेकते आहे. पावसाळ्यानंतर जुन्या वायरिंगमध्ये हे होतंच. दिवा विझला, तर स्विच काढून त्या जागी प्रेशर मोजणारं मेकॅनिकल गेज लावा. चांगल्या गॅरेजमध्ये ते असतं, नसेल तर नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत चौकशी करा. फक्त स्विचच्या आट्याचं अडॅप्टर जुळवून घ्या.

मोजणी थंड इंजिनवर करण्यात अर्थ नाही, कारण थंड ऑइल घट्ट असतं आणि झिजलेलं इंजिनही झकास प्रेशर दाखवतं. नुसतं आयडलिंगवर गरम करणंही पुरत नाही, कारण पाण्यापेक्षा ऑइल तापायला जास्त वेळ लागतो. वीसेक मिनिटं गाडी चालवून या, मग आयडलिंगला आणि 2000-3000 आरपीएमला आकडे घ्या. गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा प्रमाण माना. तो नसेल तर दर 1000 आरपीएमला साधारण 10 पीएसआय, म्हणजे 0.7 बार, हा गॅरेजमधला ढोबळ हिशोब धरा.

गेजवर प्रेशर व्यवस्थित आणि दिवा मात्र लागतोय, तर स्विच बदला आणि विषय संपवा. थंड असताना ठीक, गरम झाल्यावर आयडलिंगला पडतंय, तर ऑइल पातळ झालंय किंवा बेअरिंग झिजलीत. थंड-गरम, सगळ्याच आरपीएमला कमी, तर पंप, रिलीफ व्हॉल्व्ह किंवा जाळी.

स्प्रिंगखाली वॉशर आणि घट्ट ऑइल

प्रेशर वाढावं म्हणून रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर घालून देणारे मिस्त्री आजही भेटतात. हा व्हॉल्व्ह जास्तीचं प्रेशर सोडून देण्यासाठी असतो. गरम आयडलिंगला तो मुळात बंदच असतो, त्यामुळे वॉशरने तिथे काडीचाही फरक पडत नाही. उलट थंड इंजिनला प्रेशर गरजेपेक्षा चढतं. व्हॉल्व्ह कचऱ्यामुळे उघडा अडकलाय का, एवढंच पाहा.

घट्ट ऑइलचं तसंच. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडपेक्षा जाड ऑइल घातलं की गेजचा काटा वर जातो, पण पहाटेच्या थंडीत स्टार्ट करताना ते वरच्या भागापर्यंत उशिरा पोचतं. झीज तेवढीच राहते, फक्त दिसेनाशी होते.

चेंबर उतरवताना

गाळ धरलेल्या इंजिनात फ्लश, म्हणजे गाळ सोडवणारं द्रव, ओतू नका. सुटलेला गाळ जाळीतच जाऊन बसतो. चेंबर उतरवून जाळी हाताने धुवा. चेंबर पुण्यातल्या एखाद्या उंच स्पीडब्रेकरवर आपटून आत दबलंय का, तेही पाहा. दबलेला पत्रा जाळीला टेकला, की नवा पंप टाकूनही ऑइल ओढलं जात नाही. परत बसवताना सिलिकॉनचा जाड थर लावू नका. आत दाबली गेलेली त्याची पट्टी सुटते आणि पुन्हा त्याच जाळीत अडकते.

चेंबर उतरलंच आहे, तर एक बिगएंड कॅप (कनेक्टिंग रॉडचं खालचं झाकण) आणि एक मेन कॅप (क्रँकशाफ्ट धरणारं झाकण) उघडून शेल, म्हणजे बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या, पाहा. शेल आणि क्रँकशाफ्ट यांच्यामधल्या फटीतून गळणारं ऑइल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे फट दुप्पट झाली की गळती आठपट. पंप कितीही नवा असला, तरी तेवढं ऑइल पुरवणं त्याला जमत नाही. शेलवर तांबूस थर उघडा पडलेला दिसला, तर शेल बदला. पण क्रँकच्या जर्नलवर (शेलमध्ये फिरणाऱ्या गुळगुळीत भागावर) नखाला लागतील असे ओरखडे असतील, तर त्यावर नवे शेल बसवू नका. आधी मायक्रोमीटरने जर्नल मोजून घ्या, गरज असेल तर ग्राइंडिंग करून त्याच मापाचे अंडरसाइज शेल आणा.