सिम्युलिंक आणि ओपनमॉडेलिका एकत्र कसं चालवायचं

समजा कंट्रोलर सिम्युलिंकमध्ये (मॅटलॅबचं ब्लॉक जोडून सिम्युलेशन करायचं टूल) तयार आहे आणि मोटर, गिअर, लोड हे सगळं ओपनमॉडेलिकामध्ये (मशीनची समीकरणं लिहून सिम्युलेशन करायचं मोफत टूल) आहे, तर एकातलं मॉडेल दुसऱ्यात परत काढत बसू नका, पुढे दोन कॉप्या कधी वेगळ्या झाल्या तेच कळत नाही.

ब्लॉक आणि रेषा दोन्हीकडे दिसतात पण अर्थ वेगळा. सिम्युलिंकच्या सिग्नलला दिशा असते. मॉडेलिकामध्ये (ओपनमॉडेलिकाची मॉडेलिंग भाषा) दोन इलेक्ट्रिकल पिन जोडल्या म्हणजे समीकरण तयार झालं, व्होल्टेज सारखा आणि करंटची बेरीज शून्य. म्हणून सरळ वायर ओढता येत नाही, मध्ये एफएमआय (फंक्शनल मॉक-अप इंटरफेस, म्हणजे एका टूलचं मॉडेल दुसऱ्यात चालवायची ठरलेली पद्धत) हे स्टँडर्ड लागतं. पहिली आवृत्ती 2010 ची, 3.0 आली 2022 मध्ये, पण 2.0 अजूनही बहुतेक टूल्समध्ये चालते, त्यामुळे सुरुवात तिच्यापासून करा.

आधी मॉडेल कुठे कापायचं ते ठरवा, माझ्या मते निम्मं काम इथेच होतं. खऱ्या मशीनमध्ये जिथे सेन्सर किंवा ड्राइव्ह आहे तिथे कापा, म्हणजे व्होल्टेज आत आणि स्पीड बाहेर. मोटरचा शाफ्ट मधोमध कापून अर्धा इकडे अर्धा तिकडे असं अजिबात करू नका, टॉर्क आणि स्पीड एकमेकांवर इतके घट्ट अवलंबून असतात की सिम्युलेशन हमखास डगमगतं.

मग ओपनमॉडेलिकामधून एफएमयू (एफएमआयप्रमाणे बांधलेली मॉडेलची फाइल) एक्सपोर्ट करा, टाइप को-सिम्युलेशन निवडा (म्हणजे समीकरणं सोडवणारा सॉल्व्हर फाइलसोबतच येतो, मॉडेल एक्सचेंजमध्ये तो समोरच्या टूलचा असतो). एफएमयू म्हणजे खरं तर झिप फाइल, उघडून बघाच. आतल्या मॉडेलडिस्क्रिप्शन एक्सएमएलमध्ये प्रत्येक व्हेरिएबल इनपुट आहे की आउटपुट ते लिहिलेलं असतं, युनिट दिलं असेल तर तेही. मॉडेलिका स्पीड रेडियन प्रति सेकंदात देतं, कंट्रोलरला आरपीएम हवा असेल तर 9.55 ने गुणायचं राहिलं की सगळे ग्राफ चुकणार. बायनरीज फोल्डरही बघा, फक्त विंडोजची डीएलएल असेल तर लिनक्सवर ती चालणार नाही.

सिम्युलिंकमध्ये घेण्याआधी एफएमयू एकटी एफएमपाय या पायथनच्या लायब्ररीमध्ये चालवा, स्थिर व्होल्टेज द्या आणि स्पीड ओपनमॉडेलिकाच्या ग्राफशी जुळतो का बघा. जुळला तरच सिम्युलिंकच्या एफएमयू ब्लॉकमध्ये लोड करा.

आता कम्युनिकेशन स्टेप. दोन्ही बाजू ठरावीक वेळेलाच एकमेकांना आकडे देतात, मधल्या काळात साधारणपणे जुनीच व्हॅल्यू धरून पुढे जातात, म्हणजे लूपमध्ये डिले आपोआप शिरतो आणि चांगला ट्यून केलेला पीआयडी कंट्रोलरसुद्धा हेलकावे खायला लागतो. अशा वेळी लगेच गेन बदलू नका. स्टेप कंट्रोलरच्या सॅम्पल टाइमइतकी (कंट्रोलर जितक्या वेळाने नवीन आकडा घेतो तितकी) ठेवा, मग निम्मी करून परत रन करा, ग्राफ हलला तर अजून निम्मी. कितीही लहान केली तरी ग्राफ बदलतच राहिला तर एकदा एफएमयूच्या आतला सॉल्व्हर बदलून बघा, ओपनमॉडेलिकात ऑयलरऐवजी सीव्होड निवडता येतो, आणि तरीही तेच होत असेल तर मॉडेल चुकीच्या जागी कापलंय, कापायची जागा बदला.